कोमल गंधार नेमका कुठे बोट ठेवल्यावर येतो? (बासरी, पेटी, सतार, बँड... सगळ्यांनी या)

शिकाऊ_बासरीवाला

मंडळी, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नोकरीतून जरा उसंत मिळाली तेव्हापासून बासरी शिकतो आहे. नागपुरात नरेंद्र नगरात गुरुजींकडे जातो. बासरी सहा छिद्रांची, पांढरी पाचची (म्हणजे तिचा सा पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर). शुद्ध स्वर बऱ्यापैकी लागतात, घोडं अडलंय ते कोमल, म्हणजे जरा उतरलेल्या, स्वरांवर. सध्या भीमपलास सुरू आहे, म्हणजे ग आणि नि कोमल. वरून दुसऱ्या छिद्रावरचं बोट अर्धं उचललं की कोमल ग, असं सगळे सांगतात. अर्धं म्हणजे किती? रोज वेगळंच अर्धं होतं. एक दिवस सूर रिषभाला चिकटतो, दुसऱ्या दिवशी शुद्ध गंधारावर जाऊन बसतो.

घरी बायको पेटी वाजवते. तिने दिलेला ग माझ्या ग शी जुळत नाही. मोबाईलवरचं ट्यूनर ॲप तिसरंच काहीतरी दाखवतं. गुरुजींना विचारलं तर म्हणतात, कानाला विचारा. कानाला विचारलं तर तो म्हणतो, गुरुजींना विचारा.

तर प्रश्न असा की कोमल-तीव्र स्वरांची वाद्यावर काही ठरलेली जागा असते का? पेटी, ॲप आणि कान यांत कुणाचं ऐकायचं? की सरळ चाव्यांची विलायती बासरी घेऊन मोकळं व्हावं?

तर्रीबाज

आधी हे सांगा, सरावाच्या आधी नाश्त्याला काय असतं? तर्री-पोहे हाणून बासरी धरली तर अर्धं काय, पूर्ण छिद्रही झाकल्या जात नाही. स्वानुभव नाही, शेजाऱ्याचा आहे.

वेणूगंध

तर्रीबाज, तुमच्या शेजाऱ्याला हात धुवायला सांगा.

शिकाऊ, आता नीट सांगतो. तुमची बासरी वरून मोजली तर तीन छिद्रं बंद म्हणजे सा, दोन बंद रे, एक बंद ग. सगळी बंद प, पाच बंद ध, चार बंद नि. हे सगळे पूर्ण छिद्रांचे स्वर. सगळी छिद्रं उघडी टाकली की जो स्वर येतो तो शुद्ध मध्यम नाही, तीव्र (म्हणजे चढा) मध्यम आहे. शुद्ध म साठी पहिलं छिद्र अर्धं झाकावं लागतं. म्हणजे अर्ध्या छिद्राचा सराव तुम्ही पहिल्या दिवसापासून करत आहात, फक्त तो स्वर शुद्ध असल्यामुळे कुणी त्याचा बाऊ केला नाही. तुमचा म जर स्थिर लागत असेल तर ग लागायला काहीच हरकत नाही.

म्हणून बासरीवर यमन राग सगळ्यात सोपा, त्यात म तीव्र आणि बाकी सगळे शुद्ध. एकही अर्धं छिद्र नाही. पेटीवाल्यांना सगळ्या शुद्ध स्वरांचा बिलावल आधी, आम्हाला यमन आधी, असं व्हायला हवं खरं तर. आणि भैरवी म्हणजे रे, ग, म, ध, नि सगळेच अर्धे, सा आणि प तेवढे पूर्ण.

आता 'अर्धं' किती याबद्दल. बोट वर उचलू नका. उचललं की परत कुठे पडेल याचा भरवसा नाही. बोटाचं टोकही वापरू नका. मोठ्या बासरीवर पेराचा मांसल भाग छिद्रावर असतो, तो तिथेच टेकवून ठेवायचा आणि बोट किंचित मागे ओढायचं किंवा गुंडाळायचं. छिद्राची एक कड उघडी पडली पाहिजे, आणि रोज तीच कड. दुसरं म्हणजे छिद्र जरासं उघडलं की सूर झपकन चढतो, नंतरचा चढ सावकाश असतो. त्यामुळे डोळ्यांनी बघून बरोबर अर्धं उघडलं तर कोमल स्वर बहुतेक वेळा चढाच लागतो. अर्ध्याहून जास्त झाकलेलं ठेवून बघा.

तिसरी गोष्ट फुंक. तेच बोट, तीच जागा, पण जोरात फुंकलं की सूर चढतो, हलकं फुंकलं की उतरतो. बासरी ओठाकडे वळवली की उतरतो, बाहेर वळवली की चढतो. तुमचं बोट बरोबर असेल आणि दम संपत आल्यावर ग उतरत असेल तर बिचाऱ्या बोटाला का दोष द्यायचा?

मंद्रसप्तक

वेणूगंध, दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवली.

पेटीमास्तर

वहिनींना एक विचारा, पेटीवर त्यांनी सा कुठे धरला? पांढरी पाच धरला असेल तर कोमल ग काळी पाचवर येतो. सवयीने काळी एक धरला असेल तर कोमल ग पांढरी तीनवर. हे आधी तपासा, अर्धी भांडणं इथेच मिटतात.

नवे लोक पेटीसमोर बसले की पांढऱ्या पट्ट्या शुद्ध आणि काळ्या पट्ट्या कोमल-तीव्र असं गृहीत धरतात. ते फक्त पांढरी एक सा असेल तरच. काळी एक सा धरा, काय होतं बघा. सा, रे, म, प, ध हे पाचही काळ्यांवर, ग आणि नि पांढऱ्यांवर, आणि रे-ग-ध-नि कोमल व तीव्र म हे पाचच्या पाच पांढऱ्यांवर. एकदम उलटं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी काळी एकमध्येच बसवतो, म्हणजे रंगाचं भूत उतरतं.

तर्रीबाज

आमच्या घरचा कुकर काळी चारमध्ये शिट्टी देतो. तिसऱ्या शिट्टीला किंचित चढतो. डाळ शिजली की उतरतो.

भौतिकवेडा

@शिकाऊ, तुमच्या ॲपचा, पेटीचा आणि कानाचा हिशोब मांडून दाखवतो. एक सप्तक म्हणजे १२०० सेंट धरतात. पेटीवर हे १२ सारखे भाग केलेले, प्रत्येक पट्टी १०० सेंटवर. त्यामुळे पेटीचा कोमल ग सा पासून बरोबर ३०० सेंटवर. ॲपही तेच गणित धरून काटा हलवतं.

तानपुऱ्यासोबत कानाने लावलेले स्वर साध्या गुणोत्तरांवर जाऊन बसतात. कोमल ग ६:५, म्हणजे ३१६ सेंट. शुद्ध ग ५:४, म्हणजे ३८६, पेटीवर ४००. कोमल ध ८:५, म्हणजे ८१४, पेटीवर ८००. कोमल रे १६:१५, म्हणजे ११२, पेटीवर १००. पंचम मात्र ७०२, पेटीवर ७००, तिथे फरक जवळजवळ नाहीच.

बघा, कोमल स्वर पेटीवर किंचित खाली आणि शुद्ध ग, ध, नि किंचित वर. तुमचा ग वहिनींच्या ग पेक्षा १५-१६ सेंट वर असेल तर तुम्ही चुकत नाही आहात. ५० सेंट वर असेल तर मात्र बोटाकडे बघा. आणि ॲप वापरायचंच तर आधी बासरीचा सा मोजा. तोच २० सेंट चढा असेल तर पुढचे सगळे आकडे २० ने चढेच दिसणार.

पेटीमास्तर

झालं, सुरू झाली पेटीची निंदा. वाटच बघत होतो.

भौतिकवेडा

मास्तर, निंदा कुठे केली? सेंट सांगितले फक्त.

कान_टवकारून

निंदा नाही हो, इतिहास आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती याच कारणांसाठी, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही आणि श्रुती (सप्तकातल्या २२ बारीक जागा) लागत नाहीत म्हणून. उठायला १९७१ साल उजाडलं, तेही अटींसकट. आपल्याकडे कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये श्रुतींवर पुस्तक लिहिलं, क्लेमेंट्स साहेबांसोबत श्रुतींची पेटी करायची खटपट केली. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी बनवली. शंभर वर्षं लोक याच गंधाराच्या मागे आहेत, शिकाऊंनी मनाला लावून घेऊ नये.

पेटीमास्तर

बंदी घालणारे गेले, पेटी राहिली. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर यांच्या पेटीवर कोणाला १६ सेंट कमी पडले हो? उत्तम वादक कोमल गंधारावर मुक्कामच करत नाही. कणस्वर (शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श) घेऊन पुढे सरकतो, भात्याचा दाब कमी-जास्त करतो, कानाला जागा भरून मिळते. आणि गायकाच्या घशाशी हुज्जत घालायची नाही हे संगतकाराचं पहिलं काम. तो दरबारी रागातल्या गंधारावर झुलायला लागला की मी पट्टीवरून बोटच काढतो. तिथे पेटीने गप्प बसावं, हे मलाही मान्य आहे.

सूर उतरवणं-चढवणं पेटीतही होतं बरं, फक्त बोटाने नाही, कानशीने. पितळी रीडच्या (आत थरथरणाऱ्या पातळ पातीच्या) टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. दोन-चार हलके हात, लगेच वाजवून बघायचं, परत दोन हात. जास्त घासलं की रीड कामातून गेली. गुजरातेतल्या पालिताण्याच्या रीड असतील तर हे काम करताना माझा श्वास अडकतो, कारण महाग पडतात. माझ्याकडे एका दुकानातून 'ट्यून करून' आलेली पेटी आहे, नाव सांगत नाही, तिचा मध्य सप्तकाचा कोमल नि कायमचा चढा करून ठेवलाय पठ्ठ्याने.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, तुम्ही सारे लोकं सेंट-बिंट मोजून राहिले, पण हा माणूस नागपुरात मे महिन्यात बासरी वाजवून राहिला हे कोणी धरूनच नाही राहिलं! काहून सूर जुळंन? बाहेर ४५, घरात कूलर.

आमच्या इकडं सक्करदऱ्यात भजनी मंडळ बसते. कूलर सुरू केला का तबला उतरते. बंद केला का तबला चढते अन् माणसं उठतात. बुवा म्हणे तबला उतरला तरी चालंन, पण माणसं बसली पायजेत.

भौतिकवेडा

ठेचाभाऊंनी नेमकं बोट ठेवलं. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, एका अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. २५ अंशाचे ४२ झाले तर सुमारे ३ टक्के वाढ. पूर्ण एक पट्टी म्हणजे ६ टक्के. म्हणजे कागदावर बासरी जवळपास अर्धी पट्टी चढली. प्रत्यक्षात इतकं होत नाही, कारण नळीतली हवा आपल्या फुंकेने तशीही गरम असते. तरी कानाला कळेल इतकी चढतेच. डिसेंबरात उलट, थंड बासरी उतरलेली असते, फुंकून गरम झाली की वर येते.

तार याच्या विरुद्ध. पोलादी तार उन्हात सैल पडते, सूर उतरतो. पेटीची रीडही उष्णतेने जराशी उतरते, थोडीच. तबल्याचं कातडं दमट हवेत सैलावतं म्हणून उतरतं, कोरड्या हवेत ताणतं म्हणून चढतं. कूलर हवा गार करतो आणि दमटही करतो. सारांश, मे महिन्यात दुपारी एकाच खोलीत बासरी चढते, सतार उतरते आणि कूलरसमोरचा तबलाही उतरतो.

मंद्रसप्तक

म्हणून आम्ही पहाटे रियाज करतो. शेजारीही झोपेत असतात, भांडायला उठत नाहीत.

सतारप्रेमी_धंतोली

सतारीवर या प्रश्नाचं उत्तर हाताने दिसतं. आमचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात, ठोकलेले नसतात. बहुतेक सतारींना १९-२० पडदे, सगळ्या कोमल स्वरांना वेगळा पडदा नसतोच. भैरव वाजवायचा तर रिषभाचा आणि धैवताचा पडदा सरकवून कोमल करून घ्यायचा. किती सरकवायचा? तार छेडायची, पडदा बोटाने ढकलायचा, पुन्हा छेडायची. तरफा (पडद्यांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) त्या रागात आधीच मिळवलेल्या असतील तर पडदा जागेवर आला की त्या स्वराची तरफ आपोआप गुणगुणायला लागते. तिला हात लावलेला नसताना. मी आजही त्या क्षणी थांबून ऐकते.

म्हणजे शिकाऊ, जागा ठरलेली असते, पण त्या दिवसापुरती आणि त्या रागापुरती. दरबारीचा ग आणि भीमपलासचा ग माझ्या सतारीवर एका पडद्यावरून निघत असले तरी एका जागेवर थांबत नाहीत. दरबारीत तो खालूनच झुलत येतो.

आणखी एक, सतारीवर तार ओढून सूर फक्त चढवता येतो, उतरवता येत नाही. रिषभाच्या पडद्यावर तार ओढली की कोमल ग, अजून ओढली की शुद्ध ग. वरून खाली यायचं तर आधी गुपचूप ओढून ठेवायची, मग छेडून सोडायची. गिटारवाली मुलंही हेच करतात.

पुणेकर_जावई

एवढं दळण कशाला? १८४७ मध्ये थिओबाल्ड ब्योम नावाच्या जर्मन माणसाने चाव्यांची बासरी तयार करून ठेवली आहे. सप्तकातल्या बाराही स्वरांना पूर्ण छिद्र, चावी दाबली की स्वर हजर. अर्ध्या बोटाची कटकट नाही. शिकाऊंनी तीच घ्यावी.

वेणूगंध

घ्या ना, नाही कोण म्हणतं. पण मग भीमपलासमध्ये नि वरून सा वर घसरत जायचं आहे ते कसं जाणार? झाकणं उघडतात आणि मिटतात, मधला प्रवास नाही. आमचं अर्धं छिद्र त्रासदायक असतं कारण त्यात रे पासून ग पर्यंतचे सगळे थांबे असतात, आणि मींड त्यातूनच येते. पन्नालाल घोषांनी बांबूचीच बासरी लांब केली, मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) तीव्र मध्यमासाठी सातवं छिद्र पाडलं, पण चाव्या लावल्या नाहीत.

पुणेकर_जावई

मग एक आडवाट सांगतो, बासरीवाले चिडतील. भैरवी वाजवायची आहे ना? चार छिद्रं बंद म्हणजे नि, त्याला सा माना. तिथून पूर्ण छिद्रांचेच स्वर घेत वर जा. रे, ग, ध, नि सगळे कोमल, म शुद्ध, एकही अर्धं छिद्र नाही. मूर्च्छना म्हणतात याला. गणपतीत एवढ्यावर वेळ मारून नेली आहे.

कान_टवकारून

गणित बरोबर आहे, तपासून बघितलं. पण तानपुराही त्या नि वर मिळवायला हवा, नाहीतर ऐकणाऱ्याला भैरवी नाही, यमनच चुकीच्या जागी थांबल्यासारखा वाटेल.

वेणूगंध

चिडलो नाही. धून वाजवायला चालेल. पण मंद्रात जागा उरत नाही, नि च्या खाली फक्त ध आणि प, म्हणजे तुमच्या नव्या सा खाली दोनच स्वर. आणि बोटांना सवय लागली की अर्धं छिद्र आयुष्यभर परकं राहतं. शिकणाऱ्याला मी हे सांगणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा

पुणेकर जावई म्हणजे सासर नागपूर का माहेर नागपूर? तेवढं क्लिअर करा, मग भैरवीचं पाहू.

पुणेकर_जावई

सासर महालात. त्यामुळे इथे मी नेहमीच कोमल असतो.

तर्रीबाज

लोल. याला म्हणतात सुरात उत्तर.

बँडवाल्याचा_नातू

फुंकवाद्यांची गोष्ट निघाली म्हणून लिहितो. आजोबा बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. इतवारीतून वरात निघाली की मी मागे पळायचो. ट्रंपेटला तीनच बटणं. मधलं दाबलं की सूर एक पट्टी उतरतो, पहिलं दाबलं की दोन पट्ट्या, तिसरं दाबलं की तीन. बाकी सगळं ओठावर. बटण दाबलं की नळीचा एक वळसा जोडला जातो, नळी लांबते, सूर उतरतो. चढवायचं बटण नाही.

आता यातली गंमत. पहिलं आणि तिसरं एकदम दाबलं की हिशोबाने पाच पट्ट्या उतरायला हव्यात, पण सूर थोडा चढा राहतो. कारण प्रत्येक वळसा मोकळ्या नळीच्या मापाने कापलेला असतो. नळी आधीच लांब झाली असेल तर तेवढाच सूर उतरवायला वळसाही जास्त लांब लागतो. मग डाव्या हाताच्या बोटाने तिसऱ्या वळशाची सरकपट्टी बाहेर ढकलायची. आजोबा ते चालताना, घोड्याच्या मागे, गर्दीत करायचे. कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

आणि उन्हाळी लग्नात दुपारची वरात असली की पितळ असं तापायचं की ट्रंपेट चढून जायची, गाडीवरचा कॅसिओ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) मात्र आहे तिथेच. मग आजोबा मुख्य सरकपट्टी ओढून सगळी ट्रंपेटच उतरवून घ्यायचे. क्लॅरोनेटवाल्याला तेवढी सोय नव्हती. तो तोंडाकडचा तुकडा किंचित बाहेर ओढून बसवायचा आणि शिव्या द्यायचा.

मंद्रसप्तक

फार सुंदर प्रतिसाद. यावर वेगळा धागा काढा की. मारबतीच्या (नागपुरात पोळ्याला निघणाऱ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीतल्या बँडबद्दलही लिहा.

वऱ्हाडी_ठेचा

+१. काळी-पिवळी मारबत निघते तेव्हा तीन बँड तीन पट्ट्यांत वाजून राहिले असतात. त्यात कोमल कोणता अन् तीव्र कोणता, ब्रह्मदेवालाही सांगता नाही येणार.

सतारप्रेमी_धंतोली

धाग्याचा विषय बासरी होता, आता मारबत. शिकाऊ पळून गेले बहुतेक.

कान_टवकारून

ते परत येईपर्यंत त्यांच्या मूळ प्रश्नाचं काम करतो. कानाला विचारा म्हणणं सोपं आहे, पण कानाने काय ऐकायचं ते कोणीच सांगितलं नाही.

तानपुऱ्याच्या खर्जाच्या (सगळ्यात खालच्या सा च्या) तारेतून शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो, त्यामुळे शुद्ध ग ला आधार मिळतो. कोमल ग ला असा थेट आधार नाही, तो जोडीने पकडावा लागतो. कोमल ग पासून प पर्यंतचं अंतर हे सा पासून शुद्ध ग इतकंच असतं. म्हणून आधी सा-ग, सा-ग असं वाजवून ते अंतर कानात बसवा. मग कोमल ग-प, कोमल ग-प वाजवा. दुसऱ्या जोडीचा रंग पहिल्या जोडीसारखा ऐकू आला की तुमचा कोमल ग बसला. बोट किती उघडं आहे ते बघूच नका.

बाकीच्या कोमल स्वरांनाही हेच लागू. कोमल रे ते म, कोमल ध ते वरचा सा, कोमल नि ते वरचा रे, सगळीकडे तेच सा-ग चं अंतर. तीव्र म साठी वेगळी जोडी. तीव्र म ते नि हे अंतर प ते वरच्या सा इतकं. ६:५ आणि ८:५ चे आकडे भौतिकवेडांनी दिलेत, गुणून बघा, जुळतात.

भौतिकवेडा

गुणून बघितलं. ६:५ गुणिले ५:४ म्हणजे ३:२, पंचम. १६:१५ गुणिले ५:४ म्हणजे ४:३, मध्यम. ८:५ चं २:१ होतं. कोमल नि ९:५ धरला तर तोही जुळतो, १६:९ धरला तर नाही. पण तो वाद इथे नको.

पेटीमास्तर

तो वाद कराच, पण वेगळ्या धाग्यावर आणि मला न बोलावता. ही जोड्यांची युक्ती मात्र पेटीच्या पोरांनाही सांगणार आहे, गाताना कामी येईल.

शिकाऊ_बासरीवाला

पळून नव्हतो गेलो, सासऱ्यांना बघायला अमरावतीला जावं लागलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कूलर बंद करून, घामाघूम होत, तानपुरा लावून बसलो. ॲपने सांगितलं की माझा सा च चढा आहे. बायकोची पेटी काळी एकवर नव्हती, पांढरी पाचवरच होती, त्यामुळे मास्तर, ती सुटली. बोट मागे ओढायची वेणूगंध यांची पद्धत जमते आहे, पण घामाने पेर घसरतं. जोडीची युक्ती सगळ्यात लवकर पटली. कोमल ग-प वाजवताना एकदा असा जुळला की बायकोने स्वयंपाकघरातून 'हं' म्हटलं. पुढच्या वेळी परत गेला, पण कुठे गेला ते आता कळतं.

गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, मी हेच तर सांगत होतो.

वेणूगंध

सगळे गुरुजी हेच म्हणतात. घामासाठी सुती रुमाल मांडीवर ठेवा. पावडर लावू नका, छिद्राच्या कडांना चिकटते.

बँडवाल्याचा_नातू

जरा अवांतर. माझ्या भाचीला बासरी घ्यायची आहे, वय नऊ. गडचिरोलीला इतका बांबू आहे, तिथलीच मिळते का? आणि पट्टी कोणती घ्यावी?

वेणूगंध

गडचिरोलीचा बांबू बहुतेक जाड सालीचा असतो आणि त्याच्या गाठी एकमेकींच्या जवळ असतात. बासरीला पातळ सालीची, दोन गाठींमध्ये लांब अंतर असलेली नळी लागते, ती आसामकडून येते. नऊ वर्षांच्या बोटांना पांढरी पाच झेपणार नाही, छिद्रांमधलं अंतर फार पडतं. वरच्या पट्टीची लहान बासरी घ्या, पांढरी एक किंवा पांढरी दोन. दुकानात घेताना फुंकणारा कुणी सोबत न्या आणि दोन गोष्टी तपासा. सगळी छिद्रं बंद करून खालचा प आणि त्याच बोटांनी जोर देऊन वरचा प एकाच सुरात लागतात का, आणि तीन बंद छिद्रांवर दोन्ही सप्तकांतला सा जुळतो का. हे जुळलं की बाकीचं बोटाने सांभाळता येतं.

तर्रीबाज

आणि दुकानदाराने 'मॅडम, ही वापरून वापरून सुरात येते' म्हटलं की दुसरं दुकान बघा.